माणसाचं तुटलेलं बोट परत का उगवत नाही?

प्रश्न असा आहे: पालीची शेपटी परत येते, सॅलमँडर या पालीसारख्या दिसणाऱ्या उभयचराचा अख्खा पाय परत येतो, मग माणसाचं तुटलेलं बोट परत का येत नाही? त्याला जोडून आणखी एक विचारलंय. शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत सगळा आराखडा असतो म्हणतात, मग तो वाचून हात पुन्हा बांधायला अडचण कसली?

हाताच्या आणि बोटांच्या जखमांवर शस्त्रक्रिया करणं हा माझा व्यवसाय आहे. त्यामुळे हा प्रश्न रुग्णांकडून, आणि त्यांच्यापेक्षाही त्यांच्या आईवडिलांकडून, मी सतत ऐकत आलोय. माझं उत्तर थोडक्यात सांगतो आणि मग ते नीट उलगडतो. मोठी जखम झाली की आपलं शरीर ती सर्वांत आधी बंद करतं. ते इतकं लवकर आणि इतकं पक्कं बंद करतं की नवा अवयव घडायला लागणारी परिस्थिती तिथे तयारच होत नाही. कर्करोगाचा धोका, शरीराचा आकार, नसांची गती ही इतर कारणं खरी आहेत, पण माझ्या मते ती या कारणाच्या मागे उभी आहेत.

आधी पालीबद्दल. तिची परत आलेली शेपटी ही मूळ शेपटी नसते. मूळ शेपटीत मणके असतात. नव्या शेपटीत त्यांच्या जागी कूर्चेची, म्हणजे कानात असते तशा लवचीक भागाची, एक सलग नळी असते. आणि पालीचा पाय तुटला तर तो परत येत नाही. म्हणजे पाल या बाबतीत आपल्याहून थोडीच पुढे आहे. खरी किमया सॅलमँडरची, त्यातही ॲक्सोलॉटल या मेक्सिकोतल्या जातीची. तिचा पाय खांद्यापासून काढला तरी हाडं, सांधे, स्नायू, नसा, रक्तवाहिन्या, बोटं असं सगळं जागच्या जागी परत येतं. इटलीच्या लाझारो स्पालान्झानी यांनी १७६८ मध्ये सॅलमँडरांचे पाय आणि शेपट्या परत येतात हे लिहून ठेवलं. तेव्हापासून आजपर्यंत या प्राण्यावर काम थांबलेलं नाही.

सॅलमँडरच्या थोटक्यावर नेमकं काय होतं हे पाहिलं की आपलं कुठे अडतं ते कळतं. पाय तुटल्यावर काही तासांतच कडेच्या त्वचेचा सर्वांत वरचा पातळ थर सरकत येऊन जखमेवर पसरतो. फक्त वरचा थर. त्याच्याखालची जाड आंतरत्वचा येत नाही. हा पातळ पडदा आणि त्याखालचं उघडं मांस यांच्यात रासायनिक संदेशांची देवाणघेवाण सुरू होते. तुटलेल्या नसा पडद्याखाली वाढत येतात. आसपासच्या पेशी आपापलं नेहमीचं काम सोडून विभागायला लागतात आणि टोकाशी एक छोटा उंचवटा तयार होतो. त्याला ब्लास्टेमा म्हणतात. पुढचा पाय या उंचवट्यातून घडतो, आणि गर्भात पहिल्यांदा घडला होता बराचसा तसाच घडतो.

पूर्वी असं वाटायचं की ब्लास्टेमातली प्रत्येक पेशी कोऱ्या पाटीसारखी होते आणि मग काहीही बनू शकते. २००९ मध्ये शास्त्रज्ञ एली तानाका यांच्या गटाने पेशींवर चमकणारी खूण ठेवून त्यांचा माग काढला, तेव्हा वेगळंच दिसलं. स्नायूतून आलेली पेशी नव्या पायात स्नायूच बनवत होती, नसेभोवतीची पेशी नसेचंच वेष्टण बनवत होती. म्हणजे पाय उगवण्यासाठी सर्वशक्तिमान मूळपेशी लागत नाहीत. साध्या, आपापल्या कुळातल्या पेशी पुरतात, त्यांना पुन्हा वाढण्याची संधी मात्र मिळायला हवी. मला हा शोध फार महत्त्वाचा वाटतो, कारण तशा पेशी आपल्याकडेही आहेत.

आता सॅलमँडरचे दोन जुने प्रयोग लक्षात ठेवा. पहिला १८२३ मधला, ट्वीडी जॉन टॉड यांचा: पायाकडे जाणारी नस कापली तर पाय उगवत नाही. दुसऱ्या प्रकारच्या प्रयोगात थोटक्यावर पूर्ण जाडीची त्वचा ओढून शिवून टाकली. तेव्हाही पाय उगवला नाही. प्राणी तोच, जनुकं तीच, पेशी त्याच. फक्त जखम नीट, स्वच्छ, जाड त्वचेने बंद केली, एवढंच. हाताच्या शल्यचिकित्सकाने थोटकं बंद करताना नेमकं हेच करायचं असतं आणि आम्हाला ते तसंच शिकवलेलं असतं.

माणसाच्या शरीराला तर शल्यचिकित्सकाचीही गरज लागत नाही. जखम झाल्यावर मिनिटांत रक्त गोठतं, फायब्रिनचं जाळं तयार होतं, पांढऱ्या पेशींची फौज येते. पहिल्या तुकडीचं काम जंतू मारणं. तिच्या मागून मॅक्रोफेज येतात, मेलेलं मांस खातात आणि दुरुस्तीचे आदेश देतात. त्या आदेशावर फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी जमतात. त्यातल्या काहींना आकुंचन पावण्याची ताकद येते, आणि त्या जखमेच्या कडा अक्षरशः एकमेकींकडे ओढतात. मग कोलॅजनचे जाड धागे घाईघाईने भरले जातात. निरोगी त्वचेत हे धागे जाळीसारखे आडवेतिडवे विणलेले असतात. वणात ते बहुतेक एकाच दिशेला, शेजारी शेजारी असतात. वणात केसांची मुळं नसतात, घामाच्या ग्रंथी नसतात, आणि त्याची ताकद मूळ त्वचेच्या ८० टक्क्यांच्या आसपास येऊन थांबते.

वण हे ठिगळ आहे, पण त्याला कमी लेखू नका. उष्ण रक्ताच्या, जमिनीवर चालणाऱ्या, मोठ्या प्राण्याची जखम उघडी राहिली तर रक्तस्राव, पाणी कमी होणं आणि जंतुसंसर्ग यांतलं काहीतरी त्याला काही दिवसांत गाठतं. ३७ अंशांचं शरीर जंतूंनाही मानवतं. सॅलमँडर थंड रक्ताचा, पाण्यात राहणारा, कमी अन्नावर तग धरणारा. चार-सहा आठवडे कोपऱ्यात बसून राहणं त्याला परवडतं. आपल्या पूर्वजांपैकी ज्यांच्या जखमा लवकर मिटल्या ते जगले. मोठ्या भाजलेल्या जखमांचे रुग्ण ज्यांनी पाहिलेत त्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही: तिथे आम्ही एकेक दिवस मोजत जखम झाकण्यासाठी धडपडत असतो.

रोगप्रतिकारशक्ती आणि अवयव उगवणं ही दोन टोकं आहेत, असं पूर्वी सर्रास सांगितलं जायचं. ते पूर्ण खरं नाही. २०१३ मध्ये ॲक्सोलॉटलमधले मॅक्रोफेज औषधाने काढून टाकून पाय कापण्यात आला. पाय उगवला नाही, उलट आपल्यासारखाच वण तयार झाला. मॅक्रोफेज परत आल्यावर तेच थोटकं पुन्हा थोडं कापलं, तर पाय उगवला. म्हणजे प्रतिकारपेशी हव्यातच. त्या कोणते आदेश देतात, यावर पुढचं सगळं ठरतं.

आता माझ्या रोजच्या कामातला, आणि माझ्या मते या विषयातला सर्वांत बोलका भाग: बोटाचं टोक. दारात बोट सापडून टोक तुटलेलं लहान मूल हा हातांच्या डॉक्टरकडे नेहमी येणारा रुग्ण. पूर्वी अशा वेळी बाजूची त्वचा सरकवून किंवा दुसरीकडची त्वचा लावून टोक झाकलं जायचं. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या सिंथिया इलिंगवर्थ यांनी १९७४ मध्ये मुलांच्या अशा जखमांबद्दल लिहिलं. टाके न घालता, त्वचा न लावता, नुसतं साधं ड्रेसिंग करून सोडलेल्या बोटांची टोकं परत भरून आली होती. नुसती मिटली नव्हती, तर गोलाई, नख आणि त्वचेवरच्या रेघांसह परत आली होती. आज आम्ही हवा थोडी खेळू देणारं पण ओल टिकवणारं पातळ आवरण लावतो, ते आठवड्याने बदलतो आणि वाट पाहतो. आवरणाखाली पिवळसर, वास येणारा स्राव जमतो. तो पाहून पालक घाबरतात, कधी कधी नवशिके डॉक्टरही घाबरतात. लाली वाढत नसेल, ठणका नसेल, ताप नसेल तर तो स्राव पुसून काढायची घाई करू नये. त्याच ओलाव्यात टोक भरून येत असतं. प्रौढांमध्येही या पद्धतीने टोकाचा मऊ भाग आणि स्पर्शज्ञान पुष्कळ चांगलं परत येतं, हाडाची लांबी मात्र सहसा येत नाही.

याला एक कडक सीमा आहे: नख. जखम नखाच्या मुळाच्या पुढे असेल तर टोक भरून येतं. मूळच गेलं असेल तर येत नाही. उंदराच्या पंजातही हीच सीमा आहे आणि तिथे कारण शोधता आलं. नखाच्या मुळाशी असलेल्या मूळपेशी नख वाढवत असतातच. टोक तुटलं की त्यांच्याजवळचा त्वचेचा थर विंट नावाचे संदेश पाठवतो, त्याने नसा ओढल्या जातात आणि खाली हाड घडवणाऱ्या पेशी विभागायला लागतात. २०१३ मध्ये मायुमी इतो यांच्या गटाने दाखवलं की हा संदेश कृत्रिमरीत्या चालू ठेवला, तर नखाच्या मुळाच्या थोडं मागे कापलेलं टोकही उंदरात वाढू शकतं. वरचा त्वचेचा थर, त्याखाली येणारी नस, आणि विभागणाऱ्या कुळाकुळातल्या पेशी. सॅलमँडरच्या पायावर ज्या तीन गोष्टी लागल्या होत्या, त्याच तीन मुलाच्या बोटाच्या टोकावर लागतात. आणि तिथेही जाड त्वचा लावून शिवून टाकलं की सगळं थांबतं.

म्हणून माणसाला अवयव उगवता येत नाही, असं सरसकट म्हणणं मला पटत नाही. येतो, पण सेंटिमीटरभरसुद्धा नाही, आणि नखाच्या आश्रयाने.

आराखड्याचा प्रश्न इथेच घेतो. जनुकं सगळीकडे असतात हे बरोबर, पण त्या यादीत 'कोपर इथे' असं कुठेही लिहिलेलं नसतं. गर्भात पेशी आजूबाजूच्या संदेशांवरून आपण कुठे आहोत हे ओळखतात आणि त्याप्रमाणे काही जनुकं चालू ठेवतात, काही बंद. सॅलमँडरच्या पेशी हा पत्ता मोठेपणीही जपतात. म्हणून मनगटावर कापलं तर पंजाच उगवतो, खांद्यावर कापलं तर अख्खा पाय. माणसाच्या पेशी हा पत्ता विसरलेल्या असतात असं अनेकांना वाटतं. तसं नाही. प्रौढ माणसाच्या त्वचेतले फायब्रोब्लास्ट शरीराच्या कोणत्या भागातले आहेत हे त्यांच्यातल्या हॉक्स या जागा ठरवणाऱ्या जनुकांवरून आजही ओळखता येतं. आणि याचा पुरावा आमच्या हातांखालून रोज जातो. पोटाची किंवा जांघेची त्वचा चरबीसकट हातावर लावली तर ती वर्षानुवर्षं पोटाचीच राहते. रुग्णाचं वजन वाढलं की हातावरचा तो तुकडाही फुगतो. तिथे पूर्वी केस असतील तर हातावरही येत राहतात. पत्ता शाबूत आहे. त्या पत्त्यावरून नव्याने बांधायला घेणं, हे आपल्याकडे बंद पडलंय.

बंद पडलंय असं मी जाणूनबुजून म्हणतो. सुमारे २९ कोटी वर्षांपूर्वीच्या मायक्रोमेलरपेटॉन या उभयचराचे जीवाश्म जर्मनीत सापडले आहेत, आणि त्यांतल्या काहींच्या पायांत बोटं जोडली गेलेली, जास्तीची, वेडीवाकडी अशी विशिष्ट व्यंगं आहेत. आजच्या सॅलमँडरचा पाय परत उगवताना चुकतो तेव्हा नेमकी अशीच व्यंगं दिसतात. २०१४ मध्ये हे प्रसिद्ध झालं. यावरून पाय उगवण्याची क्षमता चार पायांच्या प्राण्यांत फार जुनी असावी आणि आपल्या शाखेने ती वाटेत गमावली असावी, असा अर्थ निघतो. बेडकात तर हे हरवणं एकाच आयुष्यात घडतं: डिंभकाचा, म्हणजे शेपटीवाल्या पिल्लाचा, पाय परत येतो, प्रौढ बेडकाच्या जागी नुसता कूर्चेचा सुळका येतो.

सस्तन प्राण्यांतही सगळे आपल्यासारखे नाहीत. आफ्रिकेतला काटेरी उंदीर पकडणाऱ्याच्या हातात त्वचेचा मोठा तुकडा सोडून पळतो आणि ती त्वचा केसांसह परत आणतो. हे २०१२ मध्ये सविस्तर मांडलं गेलं. हरणाची शिंगं दरवर्षी गळतात आणि नव्याने येतात, मोठ्या जातींत भरात असताना दिवसाला सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर वाढतात, तेही हाड, रक्तवाहिन्या, नसा आणि त्वचेसकट. सशाच्या कानाला पाडलेलं भोक पूर्ण भरून येतं, साध्या उंदराच्या कानाचं येत नाही. हा फरक कशामुळे, याचं एक उत्तर २०२५ मध्ये मिळालं. सशात जखमेनंतर रेटिनोइक आम्ल, म्हणजे अ जीवनसत्त्वापासून बनणारा संदेशवाहक, बनवणारं एक जनुक जोरात चालू होतं. उंदरात ते पुरेसं होत नाही. ते जनुक उंदरात चालू केलं, तर कान भरून आला. जनुक उंदराकडे होतंच, जखमेच्या वेळी त्याला हाक मारली जात नव्हती. एवढ्यावरून अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेऊ नका; ते जास्त झालं तर विषारी असतं, आणि कानाचं भोक म्हणजे हात नव्हे.

कर्करोगाचं कारण तुम्ही वाचलं असेल: पेशींना मुक्तपणे विभागू दिलं तर गाठी होतील, म्हणून शरीराने ब्रेक लावले. यात तथ्य आहे. आरबी नावाचं प्रथिन पेशीचं विभाजन रोखतं, आणि एआरएफ नावाचं दुसरं प्रथिन त्याला पाठबळ देतं. सॅलमँडरमध्ये पहिलं आहे, दुसरं नाही. २०१० मध्ये उंदराच्या पूर्ण वाढलेल्या स्नायूपेशींत दोन्ही तात्पुरते थांबवले, तेव्हा त्या पेशी पुन्हा विभागायला लागल्या. कर्करोगाविरुद्ध आपण उभं केलेलं एक कुंपण अवयव उगवण्याच्या वाटेतही येतं, हे यातून दिसतं. पण अवयव उगवणं म्हणजे कर्करोगाला आमंत्रण, हे समीकरण मला ढोबळ वाटतं. तसं असतं तर सॅलमँडर गाठींनी भरलेले असते, आणि त्यांच्यात कर्करोग विरळा आहे. आपल्याही आतड्याचं अस्तर चार-पाच दिवसांत नवं होतं, रक्ताच्या लाल पेशी दर सेकंदाला सुमारे वीस लाख बनतात, गर्भाशयाचं अस्तर दर महिन्याला गळून वण न ठेवता परत येतं. विभाजनाची भीती असलेलं शरीर हे सगळं करू शकलं नसतं. शिस्तीत विभागणं आणि बेशिस्त विभागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आकाराची अडचण मात्र मला फार खरी वाटते, आणि तिच्याबद्दल कमी बोललं जातं. गर्भात हात घडायला लागतो तो चौथ्या आठवड्याच्या शेवटी, आणि आठव्या आठवड्यापर्यंत त्याची बोटं सुटी झालेली असतात. त्या वेळी अख्खा गर्भ तीनेक सेंटिमीटरचा असतो. एवढ्याशा अंतरात रासायनिक संदेश सहज पोहोचतात, नस सहज पोहोचते. प्रौढाचं थोटकं त्याहून कितीतरी जाड. शिवाय आपली तुटलेली नस दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते. दंडाजवळ कापलेली मोठी नस आम्ही सूक्ष्मदर्शकाखाली उत्तम जोडली तरी तळहातापर्यंत पोहोचायला तिला वर्षाहून जास्त लागतं, आणि वर्ष-दीड वर्ष नसेविना राहिलेला स्नायू पुन्हा कामाला लागत नाही. नशीब साथ देतं ते लहान मुलांना, कारण त्यांचे हात छोटे असतात. उद्या प्रौढाच्या खांद्यावर ब्लास्टेमा तयार करता आला, तरी तो गर्भातल्यासारखा चिमुकला हात घडवेल आणि तो पूर्ण वाढायला कित्येक वर्षं लागतील. तोवर त्या माणसाने काय करायचं, हाही प्रश्न आहेच.

बाकीच्या अवयवांबद्दल थोडक्यात. यकृताचा दोन तृतीयांश भाग काढला तरी उरलेलं वाढून काही आठवड्यांत-महिन्यांत जवळपास मूळ आकारमान गाठतं. म्हणून जिवंत माणूस यकृताचा भाग दान करू शकतो. पण काढलेला खंड परत येत नाही, उरलेला मोठा होतो. हाड हा आपल्या शरीरातला खरा जादूगार आहे. ते वण न ठेवता जुळतं, आणि जुळताना गर्भातलीच पायरी गिरवतं, आधी कूर्चा आणि मग हाड. रशियातल्या कुर्गान शहरात गाव्रील इलिझारोव्ह यांनी दाखवलं की हाड कापून, दोन टोकं बाहेरच्या चौकटीने दिवसाला १ मिलिमीटर या वेगाने हळूहळू दूर नेली, तर मधल्या फटीत नवं हाड भरत जातं, आणि सोबत त्वचा, रक्तवाहिन्या आणि नसाही लांबतात. वेग वाढवला तर फटीत नुसता तंतुमय वण येतो. पेशी त्याच, परिस्थिती बदलली की निकाल बदलतो. हे मी माझ्या विद्यार्थ्यांना बोटाच्या टोकाइतकंच इलिझारोव्हच्या चौकटीवरून शिकवतो.

हृदय मात्र फार कंजूष. अणुचाचण्यांमुळे वातावरणात वाढलेल्या कार्बन-१४ वरून २००९ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार पंचविशीत हृदयाच्या स्नायूपेशींपैकी वर्षाला साधारण १ टक्का नव्या होतात, पंचाहत्तरीत अर्धा टक्काही नाही. मोठ्या झटक्यात अब्जभर पेशी जाऊ शकतात, आणि तिथे वणच येतो. तो वण आला नाही तर हृदयाची भिंत फाटेल, हेही खरं. गंमत अशी की जन्मल्यानंतर एक दिवसाच्या उंदराचं हृदय कापलं तर भरून येतं, सातव्या दिवशी कापलं तर नाही. २०११ मधला हा प्रयोग. थायरॉइडच्या संप्रेरकाचा, म्हणजे शरीर उष्ण ठेवण्याच्या यंत्रणेचा, या बदलात हात आहे असं २०१९ मध्ये दिसलं. माणसाच्या गर्भाची त्वचाही सुमारे २४ आठवड्यांपर्यंत वण न ठेवता भरते, नंतर नाही. मेंदू आणि मज्जारज्जूत तर नसांची वाढ रोखणारे पदार्थ मुद्दाम पेरलेले असतात. तीच नस पायाच्या नसेचा तुकडा जोडून दिला तर त्यातून वाढते, हे १९८१ मध्ये दाखवलं गेलंय. तिथेही अडचण पेशीत कमी आणि परिसरात जास्त आहे.

मग पुढे काय? माझ्या अंदाजाने अख्ख्या हाताच्या फार आधी वण न ठेवता भरणारी त्वचा येईल. डोळ्यांसाठी आधीच वापरात असलेल्या व्हर्टेपॉर्फिन या औषधाने २०२१ मध्ये उंदराच्या जखमा केसांसह भरल्या; त्याने फायब्रोब्लास्टला जाणवणाऱ्या ताणाचा संदेश थांबवला होता. २०२२ मध्ये प्रौढ बेडकाच्या थोटक्यावर पाच औषधं असलेली सिलिकॉनची टोपी फक्त २४ तास लावली, आणि पुढच्या १८ महिन्यांत पायासारखा अवयव वाढला. बोटं अपुरी होती, पण हालचाल आणि स्पर्श होता. पहिल्या दिवसाचं वातावरण बदललं आणि पुढचं दीड वर्ष शरीराने स्वतः काम केलं, ही त्यातली मला भावलेली गोष्ट. माणूस बेडकापेक्षा खूप दूर आहे, तरी दिशा मला बरोबर वाटते.

आज मात्र जगातला कोणताही दवाखाना तुटलेलं बोट किंवा हात उगवून देऊ शकत नाही. 'मूळपेशींच्या इंजेक्शनने अवयव परत' असं कोणी सांगत असेल तर पैसे देऊ नका. रक्ताच्या आजारांत अस्थिमज्जेतल्या मूळपेशींचं रोपण ही सिद्ध झालेली गोष्ट आहे, पण तिचा हात उगवण्याशी काही संबंध नाही. आज आपल्या हातात आहे ते तुटलेला भाग परत जोडणं, आणि त्यासाठी वेळ कमी असतो. बोटात स्नायू नसतो, म्हणून ते थंड ठेवलं तर २४ तासांपर्यंतही जोडता येऊ शकतं, गरम राहिलं तर साधारण १२ तास. मनगटाच्या वरचा भाग असेल तर ६ तासही जास्त होतात. तुटलेला भाग स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळा, तो पिशवीत घालून तोंड बंद करा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. बर्फाला थेट लावू नका, त्याने पेशी गोठून मरतात. थोटक्यावर दाब द्या, हात उंच धरा. आणि लहान मुलाच्या बोटाचं फक्त टोक गेलं असेल, नखाचं मूळ शाबूत असेल, तर लगेच शस्त्रक्रियेचा आग्रह धरण्याआधी हातांच्या डॉक्टरांना विचारा की नुसतं आवरण लावून वाट पाहता येईल का. पुष्कळदा उत्तर हो असतं.